ओलिताची की कोरडवाहू

“स्वतःच्या नावे जमीन नाही. वडिलांच्या नावे तीन एकर, कोरडवाहू,” वकीलसाहेबांनी वाचलं.

“विहीर हाय तथी,” बाई म्हणाली. “तिचा मुरूम म्या डोक्श्यावर वायला.”

वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिला: विहीर.

वकीलसाहेबांच्या अकोल्यातल्या त्या खोलीत मी पुढे दोनदा जाऊन बसले, पण डोक्यात राहिला आहे तो हा मुरूमच. खरं तर मला तिथे नेलं एसटीने. अमरावतीहून अकोल्याला निघाले होते. मूर्तिजापूरला ही बाई चढली, अर्धं तिकीट काढलं आणि फोनवर कुणाला तरी सांगू लागली, “चार हजार. हो, अजूनबी चार हजारच.” फोन ठेवल्यावर मी विचारलं. लाजणं वगैरे काही नाही. “खावटी,” ती म्हणाली. “या न मग तुमी, पाहा कसं चालते ते.”

कायद्याच्या पुस्तकात निर्वाहखर्च, वर्तमानपत्रात पोटगी आणि इकडे कोर्टाच्या आवारात खावटी. पोटगीत पोट आहे, खावटीत खाणं. ही रक्कम जेवणापलीकडे जाईल असं भाषेलाही कधी वाटलेलं दिसत नाही.

तिचा घटस्फोट होऊन गेला आहे. सहा वर्षांपूर्वी महिना चार हजारांचा आदेश झाला, तो वाढवून मिळावा म्हणून आता अर्ज. घटस्फोटानंतर कसली आली खावटी, असं गावात तिला अजूनही ऐकवतात. पण 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनेच ‘पत्नी’ या शब्दात घटस्फोटित बाईलाही धरलं. तिने दुसरं लग्न केलेलं नसावं आणि तिला स्वतःचं भागवता येत नसावं, एवढंच. तेव्हा वरची मर्यादा महिना पाचशे रुपये होती, ती 2001 साली गेली. 1 जुलै 2024पासून संहिताही बदलली आणि कलम 125चं 144 झालं. आवारात मात्र चहावाल्यापासून सगळे अजून ‘एकशे पंचवीस’च म्हणतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25खाली कायमची पोटगी मिळते ती वेगळी. ती एकरकमीही ठरवता येते आणि तिचा बोजा जमिनीवर चढवता येतो. पण त्यासाठी जमीन नवऱ्याच्या नावावर हवी.

तिची फाईल उघडली की कडुनिंबाचा वास येतो. भावाच्या घरी गव्हाच्या कोठीत, वाळलेल्या पाल्यात ती कागद ठेवते. “कोर्टाच्या कागदाले वाळवी लवकर लागते,” ती म्हणाली. ती हसली नाही, मीही हसले नाही.

वकीलसाहेब जे वाचत होते ते नवऱ्याचं शपथपत्र. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथेवर सांगायची, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी घातला. ते प्रकरण आपल्या विदर्भातलंच, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेलं: रजनेश विरुद्ध नेहा. तिथे बायकोला महिना 15,000 देण्याचा आदेश 2015 साली झाला आणि दिल्लीत अखेरचा शब्द व्हायला आणखी पाच वर्षं लागली. अंतरिम खावटीचा अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असं कायदाच म्हणतो. ‘शक्यतो’ हा शब्द किती ताणला जातो ते कुठल्याही व्हरांड्यात कळतं. जून 2022मध्ये आमच्या याच अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटरचं डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकून विक्रम झाला होता. एसटीच्या खिडकीतून हे आठवलं, म्हणून लिहिलं.

त्या निकालाला जोडलेल्या नमुन्यांत शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे, हे मला इथे बसल्यावर कळलं. जमीन किती, तीत वाटा किती, ओलिताची की कोरडवाहू, पिकं कोणती, जनावरं किती, कर्ज किती. मला तो आवडला. पगारपत्रकापलीकडेही माणसं जगतात हे त्याला ठाऊक आहे. फक्त उत्तर देणाऱ्याने खरं लिहायला हवं. “सातबारा बापाचा, नांगर पोराचा,” वकीलसाहेब म्हणाले. “माझ्याकडे दहातले आठ असेच.” त्यांनी सातबाऱ्याचा खालचा भाग पुढे केला. त्यात जलसिंचनाच्या साधनाचा रकाना असतो. तिथे ‘विहीर’ छापलेलं होतं. पिकांच्या जागी खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. 2021पासून ही नोंद शेतकरी स्वतःच मोबाइलवर ई-पीक पाहणीत करतो. म्हणजे शपथेवर कोरडवाहू आणि मोबाइलवर हरभरा.

पण गंमत इथेच संपत नाही. शेत पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्याच्या कडेला. तिथल्या विहिरींचं पाणी खारट असतं, पिकाला चालत नाही, हे अकोला-अमरावतीत शाळकरी पोरंही जाणतात. विहीर आहे पण पाणी खारं, असं नवऱ्याचा वकील म्हणणार. अनेकांच्या बाबतीत ते खरंही असतं.

“खारं हाय तं हरभऱ्याले काऊन सोडते?” ती म्हणाली.

नवऱ्यांची बाजू नसते असं नाही. अमरावतीच्या व्हरांड्यात एक माणूस भेटला. दोन एकर, सोसायटीचं कर्ज आणि महिना तीन हजार द्यायचे. “पीक वर्षातून एक डाव येते, कोर्ट दर महिन्याले मांगते,” तो म्हणाला. वाक्य बिनतोड आहे. पण मला वाटतं, भूकही दर महिन्यालाच लागते आणि फाईलवाल्या बाईला तर कापूस वेचल्याशिवाय किलोमागचे पैसेही मिळत नाहीत.

तिचे चार हजार कसे येतात? येत नाहीत. सोयाबीन विकलं की वीस हजार, मग थेट पुढच्या दिवाळीपर्यंत काही नाही. थकले की वसुलीचा अर्ज, मग वॉरंट. वॉरंटचा अर्ज रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. एकदा चौदा महिने थकले तेव्हा दोन महिने त्या अर्जाबाहेर राहिले. नवऱ्याला एका थकीत महिन्यामागे महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते, पण कैद भोगली म्हणून रक्कम फिटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1988मध्येच सांगितलं आहे. तिने कैद कधी मागितली नाही. “तो आत गेल्यावर पेरन कोन?”

पुढचा रकाना जनावरांचा होता.

“म्हैस, एक,” वकीलसाहेबांनी वाचलं.

“दोन. दुसरी मायी हाय. लग्नात मायनं देल्ली होती.”

“दूध देते का अजून?”

“मले काय मालूम, साहेब. जिती असंन तं म्हातारी झाली असंन.”

त्यांनी पेन्सिलीने एकाचे दोन केले. तिने फाईल मिटली, पिशवीत घातली आणि वर कडुनिंबाचा पाला सारखा केला.