मालगाडीचे गाणे

रात्र झाली आहे. घरातील दिवे मालवले आहेत. अंथरुणावर पडल्यापडल्या दूरवरून मालगाडीचा खडखडाट ऐकू येतो. प्रथम तो अगदी मंद असतो. मग तो जवळ येतो, खिडकीची तावदाने किंचित थरथरतात, आणि पुन्हा तो हळूहळू अंधारात विरून जातो. ही गाडी कोठून आली असेल? कोठे चालली असेल? असे प्रश्न पुष्कळ मुलांच्या मनात येतात आणि झोपेबरोबर नाहीसे होतात. परंतु अमेरिकेतील एका लहान मुलीने त्या खडखडाटाचे गाणे केले. ते गाणे तिने रचले तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची, म्हणजे तुमच्याच वयाची होती. तिच्या स्वतःच्या आवाजात ते तबकडीवर उमटले, तेव्हा मात्र तिने साठी ओलांडली होती. मधल्या पन्नास वर्षांत काय घडले, आणि त्या तबकडीत असे काय आहे की लोक ती आजही आवडीने ऐकतात, हे आपण या पाठात पाहू.

या मुलीचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, चॅपेल हिल या गावाला लागून असलेल्या कॅरबरो येथे झाला. तिचे कुटुंब कृष्णवर्णीय होते. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती. परंतु कायदा बदलला म्हणून माणसांची मने लगेच बदलतात असे नाही. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला कष्टाची कामे, तुटपुंजी मजुरी आणि पावलोपावली अवहेलना, हेच येत होते. ही मुलगी भावंडांत सर्वांत धाकटी. घरात तिला सगळे लाडाच्या नावाने हाक मारीत. ती शाळेत गेली, तेव्हा पहिल्याच दिवशी शिक्षिकेने तिला नाव विचारले. आपल्याला खरे नावच नाही हे तिच्या ध्यानात आले. पण ती गोंधळली नाही. ‘एलिझाबेथ’ असे तिने तत्काळ सांगून टाकले! स्वतःचे नाव स्वतःच ठेवणारी ही मुलगी पुढे एलिझाबेथ कॉटन या नावाने प्रसिद्ध झाली.

एलिझाबेथच्या भावाजवळ एक बँजो होता. भाऊ कामावर गेला की ती हळूच तो बँजो घेई आणि वाजवीत बसे. कधीकधी तार तुटे, मग बोलणी खावी लागत; पण दुसऱ्या दिवशी बोटे पुन्हा तारांकडे वळत. तिला शिकवणारे कोणी नव्हते. शाळाही लवकरच सुटली आणि ती परक्या घरी कामाला जाऊ लागली. महिनाभर राबल्यावर सुमारे एक डॉलर हाती पडे. त्यातून पै पै साठवून तिने एक गिटार विकत घेतली. तिची किंमत होती ३ डॉलर ७५ सेंट, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांची कमाई! त्या दिवसापासून त्या घरात कोणाला निवांत झोप म्हणून मिळाली नसेल.

येथे एक अडचण होती. एलिझाबेथ डावखुरी होती. गिटारीला सहा तारा असतात. उजव्या हाताने वाजवणाऱ्याने ती मांडीवर घेतली, की जाड तारा वरच्या बाजूला, त्याच्या हनुवटीकडे येतात आणि बारीक तारा खाली राहतात. जाड तारेतून खर्जाचा, गंभीर स्वर निघतो. बारीक तारेतून उंच, टिपेचा स्वर निघतो. वाजवणारा डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबतो आणि उजव्या हाताने छेडतो. अंगठा जाड तारांवर ताल धरतो आणि बाकीची बोटे बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात. डावखुरी माणसे बहुधा तारा काढून उलट क्रमाने बसवून घेतात. परंतु भावाच्या बँजोच्या तारा कशा बदलणार? मग भावाने तो कसा वाजवायचा? म्हणून एलिझाबेथने बँजो तसाच उलटा धरला, आणि पुढे गिटारही तशीच धरली. आता सारेच उलटे झाले. बारीक तारा वर आल्या आणि जाड तारा खाली गेल्या. जे काम अंगठ्याचे, ते बोटाकडे आले आणि जे बोटांचे, ते अंगठ्याकडे! तिचे बोट खर्जाच्या तारांवर एकसारखा ताल धरू लागले आणि अंगठा वरच्या तारांवर चाल वाजवू लागला. या उलट्या पद्धतीमुळे तिच्या वादनाला जो गोडवा आला, तो दुसऱ्या कोणाच्या हाताला आला नाही. तिची ही पद्धत आज तिच्याच आडनावाने ओळखली जाते. जी गोष्ट उणीव वाटत होती, तीच तिची ओळख ठरली.

घराजवळूनच आगगाडीचे रूळ जात होते. त्या गाड्यांचा ताल एलिझाबेथच्या कानांत भरून राहिला होता. त्यातूनच ‘फ्रेट ट्रेन’, म्हणजे ‘मालगाडी’, हे गाणे जन्माला आले. दुसऱ्या एका गाण्याची कथा तर अधिकच गमतीची आहे. शेजारच्या एका बाईने तिच्याविषयी आईजवळ खोटीच चहाडी केली आणि न केलेल्या अपराधाबद्दल तिला शिक्षा झाली. मोठ्या माणसांशी वाद घालण्याची सोय नव्हती. मग अंथरुणावर पडल्यापडल्या तिने त्या प्रसंगावर एक गाणे रचले. राग मनात कुजवीत न ठेवता तिने त्याला सुरांची वाट करून दिली.

परंतु हे सारे फार दिवस टिकले नाही. जगरहाटीची गाणी सोडून केवळ देवाची गाणी गावीत, असा उपदेश तिला चर्चमधील मंडळींनी केला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले, मुलगी झाली, पोटासाठी कामधंदा करावा लागला. गिटार बाजूला पडली. एक-दोन नव्हे, कित्येक वर्षे ती बोटे तारांना लागली नाहीत. अशा किती कला चुलीपुढे आणि मोरीपाशी विझून गेल्या असतील, याची गणती कोण करणार!

पुढे एलिझाबेथबाई वॉशिंग्टन शहरी राहावयास गेल्या. तेथे एका मोठ्या दुकानात त्या बाहुल्या विकण्याचे काम करीत असत. एके दिवशी त्या दुकानात एक मुलगी आईपासून चुकली. एलिझाबेथबाईंनी तिला धीर दिला आणि आईच्या स्वाधीन केले. ती मुलगी म्हणजे पेगी सीगर, आणि तिची आई म्हणजे रूथ क्रॉफर्ड सीगर या नामांकित संगीतरचनाकार. आईने कृतज्ञतेने एलिझाबेथबाईंना आपल्या घरी कामाला बोलावले. ते घर म्हणजे लोकसंगीताचे माहेरघरच होते. वडील चार्ल्स सीगर हे संगीताचे गाढे अभ्यासक, मुलेही गाणारी-वाजवणारी. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक गिटार टांगलेली असे. कामातून उसंत मिळाली की एलिझाबेथबाई ती हळूच काढून वाजवून पाहत. एके दिवशी पेगीने ते ऐकले आणि ती थक्क झाली. ज्यांची गाणी पुस्तकांतून आणि तबकड्यांतून धुंडाळीत फिरायचे, तशी एक कलावती आपल्याच घरात भाकरी भाजीत होती!

पेगीचा भाऊ माइक सीगर याने ध्वनिमुद्रणाचे यंत्र एलिझाबेथबाईंच्या घरी नेले. त्या गात आणि वाजवीत गेल्या. यंत्राची फीत फिरत राहिली. न्यू यॉर्कच्या ‘फोकवेज’ या संस्थेने १९५८ साली त्या ध्वनिमुद्रणांची तबकडी काढली. ‘लोकगीते आणि गिटारवरील वादन’ अशा अर्थाचे साधे नाव तिला दिले होते. तिच्यात ना मोठा वाद्यवृंद आहे, ना विजेवर चालणारी वाद्ये. एक बाई, तिचा आवाज आणि हातातील साधे तारवाद्य, एवढाच सारा संसार!

विजेवाचून गिटारीचा आवाज एवढा भरदार कसा होतो, असे तुम्ही विचाराल. नुसती ताणलेली तार छेडली तर तिचा आवाज अगदी क्षीण येतो, कारण बारीक तार फारच थोडी हवा हलवू शकते. गिटारीत ही तार लाकडाच्या एका पट्टीवरून नेलेली असते. तारेचे कंपन त्या पट्टीतून पेटीच्या पातळ फळीत उतरते. फळी रुंद असल्यामुळे ती पुष्कळ हवा हलवते; पेटीतील हवाही तिच्याबरोबर कंप पावते आणि मधल्या गोल छिद्रातून तो नाद बाहेर येतो. अशा वाद्यात वाजवणाऱ्याच्या बोटांचा बारीकसा स्पर्शही लपत नाही. म्हणून ही तबकडी ऐकताना एलिझाबेथबाई जणू आपल्या शेजारीच बसून वाजवीत आहेत, असा भास होतो.

या तबकडीत नाचाच्या ठेक्यावरील चाली आहेत, भजनाची चाल आहे, एका म्हाताऱ्या कुत्र्याला साद घालणारे गमतीचे गाणेही आहे. ‘मालगाडी’ या गाण्याचा विषय पाहिला तर तो दुःखाचा आहे. गाडीत बसून दूर निघून जाणारे कोणी एक माणूस त्यात आपल्या मरणाविषयी बोलते. तरीदेखील ते ऐकून मन खिन्न होत नाही; उलट हलके होते. याचे रहस्य त्या खर्जाच्या तालात आहे. वर चाल हळुवारपणे वळते आणि खाली खर्जाच्या तारा रुळांवरच्या चाकांप्रमाणे एकसारख्या चालत राहतात. त्या थबकत नाहीत की घाई करीत नाहीत. कष्टांचा भार वाहणारे माणूसही असेच चालत राहते, हे ती चाल न बोलता सांगून जाते.

पण या गाण्याला आणखी एका संकटातून जावे लागले. जात्यावरची ओवी प्रथम कोणी रचली हे आपल्याला जसे सांगता येत नाही, तसे बहुतेक लोकगीतांचे असते. ती साऱ्या लोकांची मालमत्ता असतात. पेगी इंग्लंडला गेली, तेव्हा तिने ‘मालगाडी’ हे गाणे तेथे गायिले. ते लोकांना फार आवडले. तेथे दुसऱ्याच मंडळींनी ते आपल्या नावावर नोंदवून टाकले आणि १९५७ साली त्याची तबकडी इंग्लंडमध्ये गाजली. गाणे घरोघरी पोहोचले. मात्र ते रचणारी बाई त्या वेळी दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करीत होती. सीगर कुटुंबाने आणि इतर स्नेह्यांनी तिची बाजू घेतली. कायद्याचे दार ठोठावल्यावर रचनाकार म्हणून तिच्या नावाला मान्यता मिळाली आणि उत्पन्नाचा काही वाटाही मिळाला. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाणे कितीही साधे असो, ते जेव्हा एखाद्या माणसाने रचलेले असते, तेव्हा त्यावर त्याचे नाव असणे हा त्याचा हक्क होय. ज्याच्याजवळ धन नाही, अधिकार नाही, त्याचे नाव पुसून टाकणे सोपे असते. म्हणूनच ते जपणे अधिक अगत्याचे असते.

१९६० साली एलिझाबेथबाई प्रथमच मोठ्या श्रोतृसमुदायापुढे गायिल्या. पुढे त्या गावोगावच्या संगीतसभांतून गाऊ लागल्या. १९६७ साली त्यांची दुसरी तबकडी निघाली. तिच्यातील एका गाण्याच्या ओळी त्यांनी रात्री निजण्यापूर्वी आपल्या पतवंडांच्या सोबतीने जुळवल्या होत्या, आणि ते गाणे बारा वर्षांच्या पणतीने गायिले आहे. गाण्यांतून मिळालेल्या पैशातून त्यांनी सिराक्यूज शहरी स्वतःचे घर घेतले. नव्वदीच्या घरात असताना, १९८५ साली, त्यांना ‘ग्रॅमी’ हा अमेरिकेतील संगीतक्षेत्राचा मोठा सन्मान मिळाला. १९८७ साली त्यांचे निधन झाले. पुढे अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या राष्ट्रीय ग्रंथालयाने कायम जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या २००७ सालच्या यादीत त्यांच्या त्या पहिल्या तबकडीचा समावेश केला.

एलिझाबेथबाईंना कोणी गुरू लाभला नाही. वाद्य उलटे होते, शाळा सुटली होती आणि आयुष्याची मधली कित्येक वर्षे सुरांवाचून गेली. तरी लहानपणी मनात रुजलेले गाणे आत कोठेतरी जिवंत राहिले आणि संधी मिळताच पुन्हा वर आले. मुलांनो, तुमच्या घरातही एखादी आजी काम करताना काही गुणगुणत असेल. कधी तिच्याजवळ बसून ते ऐका, आणि हे तुला कोणी शिकवले, असे तिला विचारा. कदाचित ती हसून सांगेल, ‘कोणी नाही, माझे मीच केले आहे.’ तसे झाले तर ते गाणे लिहून घ्या, आणि त्याखाली तिचे नाव लिहिण्यास विसरू नका.