सीमा बंद केल्याने काय साधते?

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याची दोन दारे मिटली. उत्तरेचे खारेपाटण, दक्षिणेचे बांद्यापुढील पत्रादेवी. मालवणच्या घराकडे निघालेला मुंबईचा चाकरमानी पहिल्या दाराशी अडला. सावंतवाडी-दोडामार्गहून रोज गोव्यात कामाला जाणारा दुसऱ्या दाराशी. आपल्यापैकी कित्येक शिक्षकांनी तेव्हा नाक्यावर नोंदी केल्या, शाळेच्या वर्गांत विलगीकरणातली माणसे पाहिली. त्या बंदीमागचे गणित आता शांतपणे मांडून पाहू.

समजा, रुग्ण दर ५ दिवसांनी दुप्पट होतात. बाहेरून १० बाधित यायचे, पण नाक्यामुळे एकच आला. त्या एकाचे ५ दिवसांनी २, १० दिवसांनी ४, १५ दिवसांनी ८ होतील आणि सोळा-सतरा दिवसांत १० चा आकडा गाठला जाईल. म्हणजे दहांपैकी नऊ जणांना अडवूनही साथ टळली नाही, फक्त सोळा-सतरा दिवस लांबली. शिवाय कोविडमध्ये लक्षणे दिसण्याआधीच माणूस इतरांना बाधा देऊ शकतो. त्यामुळे नाक्यावर ताप मोजून सगळे बाधित सापडत नाहीत. सीमाबंदीने मिळतो तो वेळ. त्या वेळात खाटा, प्राणवायू आणि चाचण्यांची सोय वाढवली, तरच तो कारणी लागतो.

या वेळेची किंमत मात्र सगळे सारखी देत नाहीत. २०२० साली जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. बांदा-दोडामार्गकडच्या गंभीर रुग्णाला बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय जवळचे, कोल्हापूर घाटापलीकडे. नोकरी एका राज्यात, घर दुसऱ्यात. माहेर अलीकडे, सासर पलीकडे. तेरेखोल गाव तर गोव्याचे, पण नदीच्या उत्तर तीरावर, जमिनीने आपल्या रेडीला जोडलेले. सीमा कारभारासाठी आखलेली असते. माणसांच्या वाटा तिला विचारून पडत नाहीत.

म्हणून दार बंद करताना ते कसे उघडायचे, हेही ठरवावे लागते. बाधा झाल्यावर लक्षणे बहुधा ५-६ दिवसांत आणि जवळजवळ सर्वांत १४ दिवसांच्या आत दिसतात. म्हणून विलगीकरण १४ दिवसांचे होते. गणेशोत्सवासाठी कोकणात येणाऱ्यांकरिता राज्य शासनाने ते १० दिवसांवर आणले. १२ ऑगस्टपर्यंत पोचलेल्यांचे दिवस २२ ऑगस्टच्या चतुर्थीला भरत होते. त्यानंतर येणाऱ्यांना चाचणीची अट होती. थोडी जोखीम पत्करली गेली, पण मोजूनमापून.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. दवाखाना, बाजार, काम आणि नातेवाईक यांसाठी घरची माणसे कुठे जातात, त्या वाटा मुलांना नकाशावर काढायला सांगा. मग त्यावर जिल्ह्याची सीमा काढा आणि किती वाटा तुटल्या ते मोजा. पुढच्या साथीत त्यांतल्या कोणत्या वाटा, कोणत्या अटींवर उघड्या ठेवायच्या, हे मुलांनाच ठरवू द्या.