ॲडजस्टेबल शॉकअप : पेठेची गल्ली आणि घाटाचे वळण
(गाडीचे अंतरंग – लेखांक ७)

खड्ड्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकअपचे काम त्यानंतर सुरू होते. दबलेली स्प्रिंग साठवलेली ऊर्जा परत करते, गाडी वर उसळते, पुन्हा खाली बसते, आणि तिला आवरणारे काही नसेल तर हे हेलकावे बराच वेळ चालू राहतात. शॉकअपमधला दट्ट्या तेलातून सरकताना तेलाला बारीक छिद्रांतून आणि पातळ पोलादी चकत्यांच्या झडपांतून वाट काढावी लागते. त्या घर्षणात हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. घाट उतरून आलेल्या गाडीच्या शॉकअपची नळी हाताला गरम लागते ती यामुळे. साध्या शॉकअपमध्ये तेलाची ही वाट कारखान्यातच कायमची ठरलेली असते. ॲडजस्टेबल शॉकअपमध्ये ती बाहेरून कमी-जास्त करता येते.

स्पोर्टी म्हणाव्यात अशा गाड्यांची पुणे परिसराला वानवा नाही. २०१३ ची पोलो जीटी टीएसआय चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातली, २०१५ ची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो रांजणगावची, २०२२ पासूनची व्हर्टस जीटी पुन्हा चाकणची, तर २०२४ ची अल्ट्रोझ रेसर टाटांची. १९६१ साली स्थापन झालेली शॉकअप बनवणारी गॅब्रिएल इंडियाही चाकणला कारखाना चालवते. मात्र कारखान्यातून येणारा शॉकअप हा नेहमी मध्यममार्ग असतो. तोच शॉकअप लुधियानात आणि कोचीत, एकटा चालक असताना आणि पाच माणसे व सामान भरलेले असताना चालावा लागतो. शनिवार पेठेतल्या गाडीची गरज याहून वेगळी असते. सहा दिवस ओंकारेश्वर ते आप्पा बळवंत चौक एवढ्या टापूत ती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकते आणि सातव्या दिवशी जुना कात्रज घाट किंवा ताम्हिणी गाठते. हे दोन रस्ते शॉकअपकडून अगदी उलट गोष्टी मागतात, आणि निवडीचा सगळा प्रश्न तिथेच आहे.

शॉकअपला गाडीचा वेग कळत नाही. त्याला कळतो तो फक्त दट्ट्याचा वेग. पेठेतल्या गल्लीत पेव्हर ब्लॉकची किंवा ड्रेनेजच्या झाकणाची दोन सेंटीमीटरची कड लागली आणि गाडी ताशी २० किलोमीटरने जात असली, तर चाक सुमारे दहा सेंटीमीटर पुढे जाईपर्यंत ती कड चढून जाते. या हिशेबाने चाकाचा वर जाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरहून अधिक होतो. टायर त्यातला काही भाग पोटात घेतो, तरी दट्ट्यासाठी ही मोठीच धाव असते. घाटातल्या वळणावर गाडी ताशी ५० ने आत शिरते आणि अर्ध्या सेकंदात बाहेरच्या बाजूला तीन सेंटीमीटर झुकते, तेव्हा मात्र दट्ट्याचा वेग सेकंदाला जेमतेम ०.०६ मीटर असतो. म्हणजे गाडी रांगते तेव्हा दट्ट्या धावतो, आणि गाडी धावते तेव्हा दट्ट्या रांगतो. हे एकदा नीट ध्यानात आले की विक्रेत्याच्या निम्म्या दाव्यांची पारख घरबसल्या करता येते.

दट्ट्या संथ असताना तेल मुख्यतः एका बारीक वाटेने जाते. वेग वाढला की चकत्या वाकून मोठी वाट मोकळी होते. बाजारातल्या बहुतेक ॲडजस्टेबल शॉकअपची कळ ही बारीक वाट उघडते वा आवळते. त्यामुळे कळ फिरवल्याचा सर्वाधिक परिणाम वळणातला झुकाव, ब्रेक लावल्यावर नाक खाली जाणे आणि हायवेवरचे तरंगणे यांवर दिसतो. कड आपटल्याचा कडकपणा बव्हंशी चकत्यांच्या रचनेवर ठरतो आणि तिथे कळीचा हात क्वचितच पोचतो. मूळ बांधणीच कडक असलेला शॉकअप कळ पूर्ण सैल करूनही पेठेत सुखाचा होत नाही. म्हणून किती क्लिक आहेत, याआधी संथ आणि वेगवान हालचालीत तो किती बल देतो याचा आलेख मागावा. चांगले निर्माते तो देतात. सुरुवातीला झपकन चढून पुढे सपाट होत जाणारी रेषा या शहराला मानवते. वेगाबरोबर सरळ चढत जाणारी रेषा सपाट रेसट्रॅकसाठी ठीक.

कळ नेमकी किती आवळायची हे स्प्रिंगवर अवलंबून असते. एका चाकावर गाडीच्या सांगाड्याचे ३०० किलो वजन आहे आणि चाकाशी मोजलेला स्प्रिंगचा ताठरपणा मिलिमीटरला २५ न्यूटन आहे, असे धरू. असा कोपरा सेकंदाला साधारण १.४५ वेळा हेलकावतो. तो एकदाही न हेलकावता थेट जागेवर यावा यासाठी सेकंदाला एक मीटर वेगामागे सुमारे ५,४८० न्यूटनचा प्रतिकार लागेल. एवढा प्रतिकार रस्त्यावरच्या गाडीला कोणी देत नाही, कारण गाडी लाकडी फळीसारखी आदळेल. घरगुती गाड्यांत याच्या २० ते ४० टक्के प्रतिकार ठेवतात, तर स्पोर्टी बांधणीत तो संथ हालचालीपुरता ५० ते ७० टक्क्यांपर्यंत नेतात. मूळ शॉकअप ३० टक्क्यांचा, म्हणजे सुमारे १,६४० न्यूटनचा आहे असे समजा. आता मालकाने केवळ स्प्रिंग बदलून ती ४० टक्के ताठ केली, तर हेलकावा सेकंदाला १.७२ वर जातो, आवश्यक प्रतिकार सुमारे ६,४८० न्यूटन होतो आणि तोच मूळ शॉकअप २५ टक्क्यांवर घसरतो. स्प्रिंग ताठ झाली, पण आवर कमी पडला. गाडी बुटकी दिसते आणि वळणात उड्या मारते. रस्त्यावरच्या कित्येक ‘मॉडिफाय’ केलेल्या गाड्यांचे हेच दुखणे आहे. ॲडजस्टेबल शॉकअपचा खरा उपयोग ही तूट भरून काढण्यात आहे.

आवर दोन दिशांनी घातला जातो. चाक वर जाताना शॉकअप दबतो, तो कम्प्रेशन. स्प्रिंग त्याला परत लांबवते, तो रिबाउंड. रस्त्यावरच्या गाड्यांत रिबाउंडचा प्रतिकार सहसा कम्प्रेशनच्या दुप्पट-तिप्पट असतो, कारण धक्का आत येताना चाकाला मोकळीक हवी आणि साठलेली ऊर्जा परत येताना लगाम हवा. रिबाउंड सैल असेल तर गाडी उसळते, फार आवळला तर निराळाच घोटाळा होतो. शाळा-रुग्णालयांपाशी मारलेल्या पाठोपाठच्या पांढऱ्या रम्बल पट्ट्यांवरून जाताना प्रत्येक पट्टी स्प्रिंगला दाबते, पण पुढची पट्टी येण्याआधी तिला पूर्ण लांबता येत नाही. गाडी पट्टीगणिक खाली बसत जाते आणि शेवटी बम्प स्टॉपवर, म्हणजे शॉकअपची वाट संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर, टेकते. तेव्हा जाणवणारा दणका मालकाला वाटतो कम्प्रेशनचा, आणि तो नेमकी उलटी कळ फिरवत बसतो.

खरेदी करताना ‘ॲडजस्टेबल’ या शब्दाखाली नेमके काय बदलते, हे विचारलेच पाहिजे. बिलस्टाइनचा बी१४ आणि केडब्ल्यूचा व्ही१ यांत फक्त गाडीची उंची बदलते. आवर ठरलेलाच राहतो. कोनीच्या पिवळ्या स्पोर्ट मालिकेत आणि केडब्ल्यू व्ही२ मध्ये रिबाउंड बदलतो. बिलस्टाइन बी१६ च्या दहा पायऱ्या आणि तैवानच्या बीसी रेसिंगच्या बीआर मालिकेतले तीस क्लिक रिबाउंड व कम्प्रेशन एकत्रच हलवतात. केडब्ल्यू व्ही३ मध्ये दोन्ही स्वतंत्र आहेत, पण दोन कळी स्वतंत्र असणे म्हणजे चुकायच्या जागाही दुप्पट असणे. कोनीचे काही शॉकअप, विशेषतः मागचे, गाडीवरून उतरवून, पूर्ण दाबून मगच फिरवता येतात. असा शॉकअप बहुधा एकदाच लावला जातो आणि मग त्याला कोणी हात लावत नाही. जपानच्या टाइनची ईडीएफसी यंत्रणा चालकाच्या बोटाशी कळ आणून देते; सोय खरी, मात्र खर्चही तसाच. चाकणच्या महिंद्रच्या बीई ६ सारख्या विद्युत गाड्यांत अर्धसक्रिय सस्पेन्शन कारखान्यातूनच मिळू लागले आहे. त्यात हे काम संगणक करतो.

बांधणी एकनळी की दुनळी, यावर हौशी मंडळी तासन् तास वाद घालतात. एकनळी शॉकअपमध्ये तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये वेगळा सरकता दट्ट्या असतो. गॅसचा दाब वातावरणाच्या वीस-तीस पट असल्याने तेलात फेस होत नाही आणि लांब घाटातही आवर टिकतो. पण बाहेरची नळी चेपली तर शॉकअप निकामी होतो. दुनळीत कमी दाब, थोडी अधिक मऊ चाल, आणि बाहेरच्या नळीला दगड लागला तरी आतली शाबूत. ट्रॅकवर न जाणाऱ्या गाडीसाठी चांगली दुनळी पुरेशी आहे.

उंची कमी करण्याचा मोह इथे सर्वांत महाग पडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या १९८८ च्या मार्गदर्शिकेनुसार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असणे अपेक्षित होते. त्यावरून ताशी २५ किलोमीटरने सुखाने जाता येते. व्हर्टसच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.६५ मीटर अंतर आहे. अशा गतिरोधकावर दोन्ही चाके चढलेली असताना मधला फुगवटा पोटाखाली जेमतेम ५२ मिलिमीटर वर येतो. रिकाम्या गाडीची १७९ मिलिमीटर उंची पाहता धोका नाही, ४० मिलिमीटर खाली बसवली तरीही नाही. पण शहराच्या गल्लीबोळांतले कितीतरी गतिरोधक अर्ध्या मीटर रुंदीचे, उभ्या कडांचे असतात. असा १२ सेंटीमीटरचा उंचवटा सबंधच गाडीच्या पोटाखाली येतो. मूळ उंचीला ५९ मिलिमीटर उरतात, तर ४० ने खाली आणलेल्या गाडीला १९. मागे दोन माणसे बसली की तेही जातात. शिवाय उंची कमी झाली की शॉकअपला दबायला उरलेली वाट कमी होते, आणि मग कळ कुठेही ठेवा, गाडी बम्प स्टॉपवर आपटतेच. पेठेतल्या गाडीने फार तर १५-२० मिलिमीटर खाली यावे, न आली तर उत्तम.

बसवताना वरचे माउंट, त्यातले बेअरिंग, बम्प स्टॉप आणि धूळरोधक रबर नवे घ्यावे. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना पक्के आवळू नयेत. चाकांवर वजन आल्यावर आवळावेत, नाहीतर बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटतात. गॅरेजमध्ये घाईच्या वेळी नेमके हेच सुटते, म्हणून मालकाने उभे राहून ते करून घ्यावे. पुढचा स्ट्रट उघडला की अलाइनमेंट करणे आलेच.

कळ लावण्याची पद्धत साधी आहे, मात्र तिला वही आणि संयम लागतो. आधी चारही टायरमधली हवा कंपनीच्या मापाची करावी. प्रत्येक कळ पूर्ण आवळून तिथून मागे क्लिक मोजावेत. मोजणीची सुरुवात आवळलेल्या टोकाकडून केली की आकडा चुकत नाही. सगळ्यात सैल स्थितीतून निघून एका ठरलेल्या फेरीवर गाडी न्यावी. त्या फेरीत पेठेतली खडबडीत गल्ली, हायवेचा तुकडा आणि घाटाची काही वळणे तिन्ही असावीत, आणि वेग कायद्यातला असावा. एका वेळी एकाच आसाच्या दोन्ही कळी सारख्याच, दोन-दोन क्लिकनी आवळाव्यात. हायवेवरच्या उंचवट्यानंतर गाडी एका हेलकाव्यात स्थिरावली की रिबाउंड पुरेसा झाला. त्यापुढे आवळण्यात फायदा नाही. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणात शिरताना आळसावत असेल तर मागचा रिबाउंड थोडा वाढवल्याने ती चपळ होते. पावसाळ्यात मात्र तोच वाढवलेला रिबाउंड मागची चाके सोडवू शकतो. जून ते सप्टेंबर दोन क्लिक सैल ठेवणे शहाणपणाचे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करण्यास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीतले कलम १८२अ अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही ठेवते. मूळ जागी, मूळ उंचीला बसणाऱ्या शॉकअपबाबत वादाला जागा कमी. उंची घटवणाऱ्या संचाबाबत जास्त. वॉरंटी आणि विमा यांच्याविषयी लेखी विचारणा खरेदीपूर्वीच करावी.

शनिवार पेठेत उभ्या राहणाऱ्या आणि सुटीला घाट गाठणाऱ्या गाडीसाठी निवड स्पष्ट आहे : मूळ उंचीच्या स्प्रिंगवर बसणारा, फक्त रिबाउंड बदलणारा, बॉनेट आणि डिकी उघडून वरूनच फिरवता येणारा आणि वेगवान हालचालीत मऊ राहणारा शॉकअप. गाडी जुनी असेल तर त्याआधी लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि टायर तपासून बदलावेत; झिजलेल्या बुशांवर बसवलेल्या महागड्या शॉकअपचा एक रुपयाही वसूल होत नाही.