रात्रभर जागणाऱ्या तंत्रज्ञांना हवी हक्काची ओळख

घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण, असा समज आपल्याकडे आजही रूढ आहे. वास्तविक अनेकांच्या बाबतीत ती धोक्याची सूचना असते. झोपेत घशाचा मार्ग आवळला जातो, श्वास १० सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू दचकून जागा होतो. रात्रभर हे चक्र चालले, तरी सकाळी रुग्णाला त्यातले काही आठवत नाही. दिवसा गाडी चालवताना लागणारी डुलकी आणि आटोक्यात न येणारा रक्तदाब यांमागेही हाच विकार असू शकतो.

त्याचे खात्रीशीर निदान ‘पॉलिसोम्नोग्राफी’ या चाचणीने होते. अहवालावर स्वाक्षरी डॉक्टरांची असते; रुग्णाच्या उशाशी रात्र जागवतो तो मात्र निद्रा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ.

त्याचे काम संध्याकाळीच सुरू होते. डोक्याची मोजमापे घेऊन मेंदूच्या लहरी टिपणारी इलेक्ट्रोड ठरलेल्या जागी चिकटवायची. डोळ्यांजवळ, हनुवटीवर आणि पायांवर संवेदक लावायचे. छाती-पोटाभोवती पट्टे बांधायचे. बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावायचा. मध्यरात्री बोटाचा चिमटा सरकला, तर पडद्यावर प्राणवायू घसरल्याचा भास होतो. ती घट खरी की खोटी, हे त्याच क्षणी ओळखणारी नजर नसेल, तर सारी रात्र वाया जाते. हृदयाचे ठोके बिघडले, तर डॉक्टरांना तातडीने कळवण्याची जबाबदारीही त्याचीच.

त्यानंतर येते नोंदींचे वाचन. संपूर्ण रात्र ३० सेकंदांच्या तुकड्यांत तपासली जाते. आठ तासांचे असे ९६० तुकडे होतात. त्यावरून श्वास तासाला सरासरी किती वेळा थांबला वा मंदावला, हा आकडा निघतो. प्रौढांमध्ये तो ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० वा अधिक असल्यास तीव्र मानतात. उपचारासाठी ‘सीपॅप’ यंत्र सुचवले गेले, तर मुखवटा नीट बसवून हवेचा योग्य दाब ठरवण्यातही तंत्रज्ञाचा मोठा वाटा असतो. पहिल्या रात्री मुखवट्याने गुदमरलेला रुग्ण पुढे यंत्र वापरेल की माळ्यावर टाकेल, हे बरेचदा या धीर देण्यावर ठरते.

कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदसारख्या सीमाभागात या कामाला आणखी एक पदर आहे. तेथे कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू शेजारी शेजारी नांदतात. मोठ्या तपासणीसाठी कलबुर्गी किंवा सोलापूर गाठणाऱ्या रुग्णाला ‘डोळे मिटा, डावीकडे पाहा, पाय हलवा’ या चाचणीपूर्व सूचना त्याच्या भाषेत समजल्या नाहीत, तर नोंदीचा पायाच कच्चा राहतो. पेडणे वा काणकोणहून बांबोळी गाठणाऱ्या आपल्याकडच्या रुग्णालाही परक्या खोलीत, अंगभर तारा लावून झोपताना आपल्या भाषेतील दोन शब्दांचा आधार वाटतोच.

या वर्गाला कायद्याने नाव मिळाले ते २०२१ मध्ये. संसदेने त्या वर्षी संमत केलेल्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याच्या अनुसूचीत निद्रा प्रयोगशाळा तंत्रज्ञांचा उल्लेख मेंदूलहरी व चेता-तपासणी तंत्रज्ञांसोबत आहे. सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे शिक्षण, राज्य परिषदा आणि नोंदणीपट अशी तरतूद त्यात आहे. परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्यासाठी वैधानिक परिषदा कित्येक दशकांपूर्वीच आल्या. त्या मानाने ही ओळख फार उशिरा आली.

नोंदणीपट हा केवळ मानाचा प्रश्न नव्हे. तारा कोण लावतो आणि नोंदी कोण वाचतो, हे रुग्णाला खात्रीने कळण्याचा तोच मार्ग आहे. चाचणीला जाणाऱ्याने रात्री प्रशिक्षित तंत्रज्ञ हजर असेल का, एवढे अवश्य विचारावे. रुग्णालयांनीही अहवालात त्याचे नाव नोंदवावे. ज्याच्या जागरणावर निदान उभे आहे, त्याला निनावी ठेवणे रुग्णाच्याही हिताचे नाही.