बडोद्याच्या लिनक्सला मराठी ऐकू येईल का?

बडोद्यात दांडिया बाजारच्या आसपास गायकवाडी काळापासून मराठी घरं आहेत. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. अशा घरात लिनक्सवर बोलून टाइप करायचं म्हटलं की अडतं. इंटरनेटशिवाय बोलणं ओळखणाऱ्या 'वोस्क' या प्रोग्रॅममध्ये हिंदी आणि गुजराती मॉडेल तयार मिळतात. मराठी त्या यादीत नाही.

मग उरतं 'व्हिस्पर'. ओपनएआयने ते 2022 मध्ये खुलं केलं, त्यात मराठी आहे. 'व्हिस्पर डॉट सीपीपी' या त्याच्या हलक्या रूपामुळे ते ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही चालतं. भाषेच्या जागी 'एमआर' हा मराठीचा संकेत आठवणीने द्यावा, नाहीतर ते इंग्रजी गृहीत धरतं. शिवाय आवाज 30 सेकंदांच्या तुकड्यांत घेतं. त्यामुळे रेकॉर्डिंग उतरवायला झकास, पण बोलता बोलता अक्षरं उमटायला हवीत तर अडखळतं.

खरी गोची पुढे आहे. लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या 'वेलँड' या व्यवस्थेत एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या विंडोत सहजी टाइप करता येत नाही. त्यासाठी 'वायडूटूल' हे साधन आहे, पण ते अक्षरं नव्हे, कळांचे क्रमांक पाठवतं. देवनागरीचा गोंधळ उडतो. मजकूर क्लिपबोर्डवर घेऊन पेस्ट करणं त्यातल्या त्यात भरवशाचं. हात चालत नाहीत म्हणून बोलून लिहिणाऱ्यांना मात्र तेवढंही जड जातं, आणि बोलून थेट टाइप होण्याची सोय आधी त्यांच्यासाठीच व्हायला हवी.

मोडी या मराठीच्या जुन्या लिपीच्या वाचकांचीही लिनक्सवर तीच कथा. 2014 मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली, नोटो फॉन्टही आहे. चित्रातला मजकूर ओळखणारं 'टेसरॅक्ट' छापील देवनागरी मराठी वाचतं. मोडीचं अधिकृत मॉडेल त्यात नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र आपण हातभार लावू शकतो: मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' या आवाज गोळा करणाऱ्या प्रकल्पात मराठी वाक्यं वाचून आपला आवाज देता येतो. बडोदेकरांची बोली तिथे जरूर पोहोचावी.