उजेड पडेल तिथेच जोड

द्राक्षबागायतदाराला मोरचूद नवं नाही. चुन्यात कालवून त्याचं बोर्डो मिश्रण वेलींवर फवारलं जातं. हेच निळं मोरचूद बॅरी शार्पलेस यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत क जीवनसत्त्वाच्या क्षारासोबत वापरलं गेलं आणि दोन हट्टी रेणू टिचबटणासारखे जुळले. अझाइड आणि अल्काइन ही त्यांची नावं. एरवी त्यांना तापवत बसावं लागे, आणि तरीही ते दोन निरनिराळ्या तऱ्हांनी जुळून सरमिसळ करत. तांब्याच्या सान्निध्यात ते साध्या तापमानालाच, एकाच तऱ्हेने जुळू लागले. डेन्मार्कमध्ये मॉर्टन मेल्डाल यांनाही स्वतंत्रपणे हेच आढळलं. दोघांचे शोधनिबंध २००२ सालचे. २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना आणि कॅरोलिन बर्टोझी यांना मिळालं. तांबं पेशींना मारक ठरतं, म्हणून बर्टोझींनी ते वगळूनच जोड साधली होती.

पण या जोडीत एक खोट राहते. योग्य रेणू समोरासमोर आले की जुळणारच. ‘आत्ता नको, नंतर’ किंवा ‘इथे नको, तिथे’ असं त्यांना सांगायचं कसं? उत्तर निघालं प्रकाशात, आणि ते थक्क करणारं आहे.

मोरचुदातल्या तांब्याने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. त्या अवस्थेत ते या कामी निरुपयोगी. एक इलेक्ट्रॉन परत मिळाला की मगच ते उत्प्रेरक होतं. तो इलेक्ट्रॉन पुरवणं हे क जीवनसत्त्वाचं काम. कोलोरॅडो विद्यापीठात ख्रिस्तोफर बोमन यांच्या गटाने २०११ मध्ये जीवनसत्त्व बाजूला ठेवलं आणि त्याऐवजी उजेडाने फुटणारे रेणू घातले. त्यांचे तुकडे तांब्याला इलेक्ट्रॉन देतात. वर नक्षी कापलेला पडदा धरला, की जिथे उजेड पडतो तिथेच रेणू जुळतात आणि नक्षी पदार्थात उमटते. गंमत म्हणजे दिवा बंद केल्यावरही जागं झालेलं तांबं काही काळ काम करतच राहतं! सुरुवात आपल्या हाती, थांबणं नाही.

तांबंच नको असेल तर? चिंग लिन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात टेट्राझोल निवडलं. चार नायट्रोजन आणि एक कार्बन यांचं हे कडं अंधारात निवांत पडून असतं. त्यावर ३०२ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडला की ते फुटतं, दोन नायट्रोजन वायू होऊन निघून जातात आणि मागे उरतो एक अत्यंत अधीर रेणू, जो जवळच्या दुहेरी बंधाला चिकटतो. एवढी ताकद उजेडात येते कुठून? अशा एका फोटॉनमध्ये सुमारे ४.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते. खोलीच्या तापमानाला रेणूंची जी उष्ण धडपड चालू असते, तिचं माप जेमतेम ०.०२५. दीडशेपटींहून मोठा हा धक्का आजूबाजूचं पाणी न उकळवता नेमक्या एका रेणूला बसतो. त्यातून तयार होणारी जोड स्वतः चमकते. वेगळा रंग लावावा लागत नाही. २००८ मध्ये लिन यांनी ई. कोलाय जीवाणूंच्या आत, एका ठरावीक प्रथिनावर हे करून दाखवलं. पेशीत हजारो रेणूंची गर्दी असताना! मला यातलं सर्वांत अचाट हेच वाटतं.

अडचण अतिनील प्रकाशाचीच आहे. तो डीएनएला इजा करतो आणि त्वचेच्या वरच्या थरांतच शोषला जातो. म्हणून लिन यांच्याच गटाने पुढे ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणारी टेट्राझोलं घडवली. लाल लेझरचे दोन फोटॉन एकाच क्षणी एकाच रेणूला द्यायचे, हीही युक्ती त्यांनी वापरली. लाल प्रकाश ऊतींमध्ये अतिनीलपेक्षा कितीतरी खोल जातो.