चाकाचे नट : दिसायला सारखे, बसायला वेगळे

मसाल्याच्या बरण्या धुऊन वाळत घातल्या की झाकणांची अदलाबदल ठरलेलीच. एकीचं झाकण दुसरीवर बसल्यासारखं वाटतं, अर्धा फेरा फिरतं आणि मग तिरकं अडकतं. बरणीचं असं झालं तर फार तर मसाला सादळेल. गाडीच्या चाकाच्या नटाचं झालं, तर मात्र चालत्या गाडीचं चाक सैल व्हायचं!

हल्ली कितीतरी भगिनी स्वतः गाडी चालवतात, सर्व्हिसिंगही करून आणतात. पण नवी अलॉय चाकं बसवताना किंवा हरवलेला नट घेताना ‘कुठला नट?’ हे मात्र दुकानदारावर सोडून देतात. खरं तर तीनच गोष्टी जुळवायच्या असतात : आटे, बैठक आणि लांबी.

आटे

नटावर ‘एम १२ × १.५’ असं माप असतं. पहिला आकडा बोल्टची जाडी, दुसरा दोन आट्यांमधलं अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. मारुती सुझुकीच्या बहुतेक गाड्यांना १२ × १.२५, तर ह्युंदाई, होंडा आणि टोयोटाच्या बहुतेक गाड्यांना १२ × १.५ लागतो. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसतच नाही! म्हणून नट आधी बोटांनीच फिरवून पाहावा. सहज आत गेला तर आपला. एक-दोन फेऱ्यांत अडला, तर तो पान्याने रेटू नये. आटे खराब होतात आणि बोल्टच बदलायची पाळी येते.

बैठक

सर्वात जास्त फसगत होते ती इथे. नट चाकाला हबवर घट्ट दाबून धरतो, त्या दाबामुळेच चाक जागचं हलत नाही. म्हणून नटाचं टोक आणि चाकाच्या भोकाची खळगी एकाच आकाराची हवी. बहुतेक नटांचं टोक निमुळतं, शंकूसारखं असतं. होंडाच्या मूळ चाकांना मात्र ते चेंडूसारखं गोल लागतं. टोयोटाच्या काही जुन्या अलॉय चाकांना सपाट वॉशरचे नट असतात.

गोल खळगीत शंकूचा नट घातला तर तो फक्त कडेला टेकतो. आवळताना घट्ट वाटतो, पण थोडं अंतर गेल्यावर सैल होतो. आटे जुळले म्हणजे नट जुळला, हा समज म्हणूनच घातक!

बाजारातल्या बऱ्याचशा अलॉय चाकांना शंकूची बैठक असते. तेव्हा होंडाला अशी चाकं बसवली, तर नटही बदलावे लागतात. पण जुने नट भंगारात देऊ नका हं! स्टेपनी जर मूळ चाकाचीच असेल, तर तिला तेच गोल नट लागणार. एका पिशवीत घालून डिकीत ठेवा.

लांबी

नट बोल्टवर निदान बोल्टच्या जाडीइतका तरी चढायला हवा. १२ मिलिमीटरच्या बोल्टला १.५ चे आटे असतील, तर पुरे आठ फेरे, १.२५ चे असतील, तर साधारण दहा. अलॉयची जाडी जास्त असली की हे फेरे कमी पडतात, म्हणून बोटांनी फिरवतानाच मोजावेत.

फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांना नट नसतात, थेट बोल्ट हबमध्ये जातात. तिथे जाड अलॉयसाठी घेतलेले लांब बोल्ट पातळ स्टेपनीला लावले, तर ते आतल्या ब्रेकच्या भागांना लागू शकतात. स्टेपनीचे बोल्ट वेगळेच ठेवावेत.

आवळायचं किती?

लहान-मध्यम गाड्यांना साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. १०० न्यूटन-मीटर म्हणजे एक फुटी पान्याच्या टोकावर सुमारे ३४ किलो भार. आता पाहा, साठ किलोची व्यक्ती त्याच पान्यावर उभी राहिली, तर पावणेदोनशेच्या वर जातं! बोल्ट ताणला जातो, आणि पुढे भररस्त्यात पंक्चर झालं की तोच नट आपल्याला सुटत नाही. हवेच्या गनने बेसुमार आवळलेल्या नटाचंही तेच. म्हणून शेवटचा पीळ टॉर्क रेंचनेच द्यायला सांगा, अगदी निःसंकोचपणे.

नट ओळीने आवळू नयेत. एक झाला की समोरचा घ्यावा, म्हणजे चाक सरळ बसतं. पुस्तिकेत सांगितलं नसेल, तर आट्यांना तेल-ग्रीस लावू नये. त्याने तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो. चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्यावेत.

चोरी टाळण्यासाठी लॉकवाले नट घेतले असतील, तर त्यांची चावी गाडीतच ठेवा. घरच्या कपाटातली चावी घाटात काय कामाची? आणि चालताना चाकातून टकटक ऐकू आली किंवा स्टिअरिंग अचानक थरथरू लागलं, तर ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणू नका. गाडी बाजूला घ्या, आणि आधी नट पाहा.